लिहिण्याची खुमखुमी आणि रोजचं एक पान

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे उगाच ‘म्हणजे, म्हणजे’ झालं ते काढलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

आवाज थोडा बसलेला वाटेल, कालच थर्ड शिफ्टचा आठवडा संपलाय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या. आपला स्टुडिओ म्हणजे पंचवटीतल्या घराची आतली खोली, दाराला गोधडी लावलेली.

मागच्या महिन्यात एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. इथलीच आहे, कॉलेज रोडला क्लासला येते. म्हणाली, “दादा, सगळे सांगतात लिहायचा मूड कसा आणायचा. माझं उलटं आहे. मला थांबताच येत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर टाइप करत बसते. सकाळी डोळे सुजलेले. पेपर तोंडावर आलाय. हे चांगलं की वाईट?”

मी आधी हसलो. मग हसू गेलं, कारण ही मुलगी म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा मी.

आधी एक कामाचं सांगून टाकतो. लिहायची ओढ आणि लिहायचा झपाटा यात फरक आहे. झोप दोन-तीन तासांवर आली, तरी थकवा वाटत नाही, बोलणं भरधाव, डोक्यात विचारांची रांग, पैसे कसेही उडतायत, आणि सोबत पानंच्या पानं लिहिली जातायत, असं असेल तर ती सवयीने सुटणारी गोष्ट नाही. डॉक्टरांकडे जा. सतत, न थांबता लिहीत राहण्याला वैद्यकशास्त्रात हायपरग्राफिया असं नावसुद्धा आहे. मेंदूच्या काही आजारांत, काही प्रकारच्या फिट्समध्ये तो दिसतो. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लाजायचं काही नाही.

आता तुमच्या-माझ्यासारख्यांचं. ज्यांना आजार नाही, नुसती खाज आहे.

मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती, आणि तिथे अजून माझं कार्ड पंच होतं. गाड्यांचे पार्ट बनतात, त्यात एक भोक असतं, त्याला आम्ही बोअर म्हणतो. ठरावीक वेळाने पार्ट उचलायचा, बोअर गेज लावायचा, आकडा बघायचा, चेकशीटवर लिहायचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तरी चालत नाही. बस, एवढंच काम. लिहिण्याचंच काम म्हणा ना.

तेव्हा माझ्या डोक्यात एक मोठी गोष्ट शिरली होती. आजोळची, वाड्याची, दोन भावांच्या भांडणाची. दिवसभर ती आतमध्ये चालूच. बाथरूममध्ये संवाद, सिग्नलला संवाद. द्वारका सर्कलला हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजवतायत आणि मी मोठ्या भावाचं उत्तर जुळवतोय. मोबाइलच्या नोट्समध्ये चारशेच्या वर नोंदी. रात्री आडवा पडलो की सुरू. उशीखाली उजेड. आई म्हणायची, “डोळ्यांचं वाटोळं करून घेशील.” मला वाटायचं, हिला काय कळतंय, मला प्रतिभा झालीये.

एका सेकंड शिफ्टला, रात्री साडेनऊच्या सुमाराला, दोन भावांमधला मुख्य प्रसंग डोक्यात उतरला. एकदम अख्खा. मी फोन चेकशीटखाली धरला आणि लिहायला लागलो. मध्ये मोजायची वेळ झाली. गेज हातभर अंतरावर होता. मी तो उचलला नाही. आधीच्या आकड्यासारखाच आकडा लिहून टाकला. नंतर अजून एक. असे चार.

टूल सरकलं होतं. बोअर मोठे जात होते. सकाळी फर्स्ट शिफ्टवाल्याने पकडलं तोवर दीडशेच्या वर पार्ट भंगारात. आणि चेकशीट बघा तर सगळं ओके, खाली माझी सही. त्यामुळे कुणाला माझा संशयच आला नाही. सगळे म्हणाले, मोजलंय तर बरोबर, म्हणजे पार्ट नीट बसवला नसणार, क्लॅम्पखाली चिप्स राहिल्या असणार. पार्ट बसवणारा होता कंत्राटी हेल्पर. कळवणकडचा पोरगा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला सांगितलं, आठवडाभर येऊ नको.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तेव्हा कळलं. तेव्हाच बोललो असं सांगायला मला आवडलं असतं. मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगितलं. लेखी मेमो मिळाला, दोन दिवसांचा पगार कापला. पोरगा परत आला, पण मधल्या दिवसांची हजेरी त्याला मिळाली नाही. ती मी दिली, खिशातून. त्याने घेतली. काही बोलला नाही. फक्त दोन-तीन दिवसांनी चहाच्या वेळी म्हणाला, “भाऊ, तुम्ही लिहिता म्हणे. आमचंबी लिहा कधीतरी.” टोमणा होता की खरंच म्हणाला, मला आजही सांगता येणार नाही.

त्या रात्री मी नोट्सचं अ‍ॅपच काढून टाकलं. ठरवलं, लिहिणं बंद. कायमचं. एकोणीस दिवस टिकलं. त्या एकोणीस दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसलो, गाडी दोनदा घासली, आणि शेवटी पेट्रोल पंपाच्या पावतीच्या मागे उभ्या-उभ्या अर्धं पान लिहिलं. दारू सोडलेल्या माणसाला कसं वाटत असेल याचा अंदाज आला. म्हणजे बंदी घालून जमत नाही. गोदावरीला पूर आला की आपण रामकुंडावर जाऊन बघतो ना, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला? पाण्याला नको येऊ म्हणून कुणी सांगत नाही. वर गंगापूर धरणातून किती सोडायचं, कधी सोडायचं, एवढंच माणसाच्या हातात.

इथे गोष्ट जरा टाकळीकडे वळते.

आगर टाकळी नाशिककरांना माहीत असेलच. गोमय मारुतीचं देऊळ. नंदिनी नदी, जिला आपण नासर्डी म्हणतो आणि जिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो, ती तिथे गोदावरीला मिळते. समर्थ रामदास तिथे बारा वर्षं राहिले, साधारण १६२० ते १६३२. लग्नाच्या मांडवातून निघून आलेला बारा वर्षांचा मुलगा. जांबचा, आजच्या जालना जिल्ह्यातला. आईला शनिवारी मारुतीला जायचं होतं, मला सुट्टी होती, तिला गाडीवर घेऊन गेलो. माझ्या मनात काही भक्तिभाव वगैरे नव्हता, खोटं कशाला सांगू.

पण तिथे बसल्या-बसल्या एक हिशोब डोक्यात आला. बारा ते चोवीस. म्हणजे ज्या वयात आपली खाज सगळ्यात जास्त असते, ते अख्खं वय हा माणूस एका जागी होता. करत काय होता? परंपरा सांगते की पहाटेपासून दुपारपर्यंत नदीच्या पाण्यात उभं राहून जप, मग पंचवटीत माधुकरी, मग वाचन, श्रवण, आणि लेखन. लेखन कसलं? तर तिथे त्यांनी वाल्मीकी रामायण उतरवून काढलं. स्वतःच्या हाताने, दुसऱ्याचं पुस्तक. त्यांच्या हस्ताक्षरातलं मानलं जाणारं ते रामायण आज धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलंय. करुणाष्टकं टाकळीत सुचली असंही मानतात. पण दासबोधासारखा स्वतःचा मोठा ग्रंथ तिथला नाही, तो पुष्कळ नंतरचा.

मला हे विचित्र वाटलं. ज्याच्या आत एवढं काही आहे, तो दुसऱ्याचं का उतरवत बसेल? आमच्या पिढीला तर ते कॉपी-पेस्टच वाटणार.

घरी आल्यावर आईचा दासबोध काढला. रोज काहीतरी लिहावं, हे वचन शाळेच्या फळ्यावर आपण सगळ्यांनी वाचलंय, मला वाटलं तसंच काही उपदेशाचं सापडेल. आईने एकोणिसावा दशक उघडून दिला. त्याचा पहिलाच समास लेखनावर आहे. आणि मंडळी, तो उपदेश नाहीये. एसओपी आहे. अगदी आमच्या कंपनीत मशिनवर लॅमिनेट करून लावतात तशी. अक्षर गोल, सरळ, मोकळं काढा. ओळी सारख्या ठेवा. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत काढा, जणू एकाच टाकाने एका बैठकीत लिहिलंय. कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडा, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहील. बरू कसले आणावेत, तेसुद्धा. आणि मला सगळ्यात आवडलेलं: तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नका, म्हातारपणी ते तुमच्याच कामाला येणार नाही.

बघा ना. प्रतिभा, प्रेरणा, काही नाही. समास सोडा आणि अक्षर मोठं काढा. हे सांगणारा माणूस लिहिण्याच्या बाबतीत कोरडा नव्हता, पण त्याला माहीत होतं की आतला पूर हातातून जातो, आणि हात शांत पाहिजे.

मग मी एक दोनशे पानी वही आणली. मोबाइल नाही, वही. आणि नियम केला. नियम म्हणजे फार मोठं काही नाही. माझ्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे ‘रोज पहाटे पाचला’ हे माझ्यासाठी खोटं आहे. सकाळी पाचला मी कधी उठतोय, कधी झोपायला घरी यायची वाट बघतोय. म्हणून वेळ घड्याळाला नाही बांधली, चहाला बांधली. झोपून उठलो की पहिला चहा, मग तो सकाळी सहाला असो की दुपारी दोनला. चहाचा कप ठेवायचा, वही उघडायची. आधी दुसऱ्याच्या पुस्तकातल्या दहा ओळी उतरवायच्या. मग आपलं. पान संपलं की थांबायचं. वाक्य अर्धं असलं तरी.

दहा ओळी उतरवण्याचं काय होतं सांगतो. मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात केली. पहिले तीन दिवस चिडचिड झाली, आपलं सुचतंय ते जाईल म्हणून. चौथ्या दिवशी लक्षात आलं की ही बाई विशेषणं वापरतच नाही. माझ्या वाड्याच्या गोष्टीत प्रत्येक वाऱ्याला ‘बोचरा’ आणि प्रत्येक शांततेला ‘भयाण’ होतं. हाताने उतरवताना ते अंगाला कळतं. वाचताना डोळा पुढे पळतो, हात नाही पळत.

आणि या बाईंचं थोडं सांगतोच, कारण त्या इथल्याच. जन्म १८६८, जलालपूर, आपल्या गंगापूरजवळचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, अक्षरओळख करून दिली. पुढचं आयुष्य म्हणजे ताटातूट, धर्मांतर, प्लेग, पोरकी मुलं सांभाळणं. ‘आता मला लिहायला निवांत वेळ हवा’ म्हणायची सोय त्यांना कधीच नव्हती. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अर्धवट राहिलं होतं. पुढचे साठहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ मध्ये, तेव्हा वय ६६. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, नाशकातच गेल्या. आपल्याला बाविसाव्या वर्षी वाटतं की आज रात्री नाही लिहिलं तर सुचलेलं मरून जाईल. सहासष्टाव्या वर्षापर्यंत त्या आठवणी मेल्या नव्हत्या.

अजून एक. २०२१ चं साहित्य संमेलन नाशिकला झालं, आडगावला, आठवत असेल. त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण १९७४ मध्ये त्यांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती टोपणनावाने, नारायण विनायक जगताप. नावाची आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतलेली. बक्षीस मिळालं. मला यात मजा याची वाटते की त्यांनी लिहायच्या ओढीला नोकरी सोडायला लावली नाही, आणि नोकरीने तिला हाकलूनही दिलं नाही. दोघांना दोन नावं दिली.

परत वहीकडे. पान संपल्यावर थांबायचं, हे सगळ्यात अवघड. पहिल्या पंधरवड्यात मी फसवलंच. अक्षर बारीक करायला लागलो, एका पानात दोन पानांचं कोंबायचं म्हणून. मग समर्थांचं ते आठवलं आणि हसू आलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पकडलं.

उरलेल्या दिवसात जे सुचतं त्याचं काय? खिशात एक चिठ्ठी. कामावर असताना फक्त चहाच्या सुट्टीत, फक्त एक ओळ. लाइनवर फोन नाही, तो लॉकरमध्ये. आणि रात्री फोन स्वयंपाकघरात, फ्रिजवर. आडवं पडल्यावर फारच सळसळ झाली तर उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, आणि कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात उभ्याने लिहायचं. चौकोनात मावेल तेवढंच. यावरून आईशी भांडण झालं, कारण त्याच चौकोनात दुधाचा हिशोब असतो. एका तारखेला ‘दीड लिटर, थोरला भाऊ दार उघडत नाही’ असं लिहिलेलं आहे. दूधवाल्याने बिल करताना विचारलं, थोरला कोण?

तुम्ही विचाराल, किती दिवसांत सवय लागते. रील्सवर २१ दिवस सांगतात. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका प्लास्टिक सर्जनचा आहे, १९६० च्या पुस्तकातला. पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २०१० च्या अंकात छापून आला. त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. आणि एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. माझं थर्ड शिफ्टच्या आठवड्यात हमखास चुकतं. मी वहीत त्या तारखेला रेघ मारतो आणि पुढे जातो. खोटा आकडा नाही भरत.

आता ज्याची मला खरी भीती होती ते. पूर रोज थोडा-थोडा सोडला तर एक दिवस धरणच कोरडं पडेल का? मार्च-एप्रिलमध्ये तसं झालं. वही उघडायचो, दहा ओळी उतरवायचो, आणि खाली आपलं काहीच नाही. वाड्याची गोष्ट थंड. द्वारकेला सिग्नल हिरवा झाला की मी लगेच निघायचो. आईला बरं वाटलं, मला नाही. त्या खाजेशिवाय मी कोण, असं वाटायचं.

त्याच दिवसांत मामाकडे गेलो होतो, दिंडोरी तालुक्यात. द्राक्षबाग आहे. एप्रिल म्हणजे खरड छाटणी चाललेली. शहरातल्यांसाठी सांगतो, आपल्याकडे द्राक्षाची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरमध्ये गोड बहाराची. खरड छाटणीत सगळी वाढ उतरवून टाकतात. बाग अशी उघडीबोडकी दिसते की वाटावं, जळाली. मी मामाला म्हटलं, “हे बघून रडू येतं.” मामा म्हणाला, “भाच्या, ऑक्टोबरला घड दिसतो, पण तो तयार आत्ता होतो. या काडीच्या डोळ्यात. पुढच्या दीड-दोन महिन्यांत. बाहेरून काय दिसत नाही. आणि नुसता शेंडा पळू दिला ना, तर पाला होतो ढीगभर. ऊन डोळ्यापर्यंत पोचत नाही. मग घड कुठला? म्हणून शेंडा थांबवायचा.”

खरड. शब्द तरी बघा. आपण कच्च्या लिखाणाला खरडणंच म्हणतो. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याने लगेच मजुरांच्या रोजाचं आणि औषधांच्या भावाचं सुरू केलं, आणि ते ऐकून घेतल्यावर मला माझं दुःख जरा फुटकळ वाटलं.

तर पाच-सहा आठवडे कोरडे गेले. मग मे महिन्यात एका दुपारी दहा ओळी उतरवून झाल्यावर जे आलं ते वाड्याचं नव्हतंच. तो हेल्पर पोरगा आला. ती रात्र, गेज, चेकशीट. रोज एक पान, अकरा दिवस. वाड्याची गोष्ट मी झपाट्यात लिहीत होतो तेव्हा हे कधीच आलं नसतं, कारण त्यात मी वाईट दिसतो. झपाट्यात माणूस स्वतःला हिरोच करतो. दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने कालचं अर्धं वाक्य समोर आलं की ते खोटं लगेच दिसतं.

गोष्ट संपली. मला वाटलं चांगली झालीये. छापायला कुठे पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवायला हवी, त्याची आहे ना. मागच्या आठवड्यात कॅन्टीनच्या मागे, बाकावर बसून अकरा पानं वाचली. तो समोसा खात ऐकत होता. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की काम गेल्याचं कळल्यावर तो खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडला.

तो म्हणाला, “भाऊ, मी नाही रडलो.”

मी म्हटलं, “मग?”

“मी घरी सांगितलंच नाही. बहीण असते खोलीवर, शिकायला. ती पहाटे उठून डबा करते. तिला काय सांगणार? रोज डबा घेऊन शिफ्टच्या टायमाला निघायचो आणि तपोवनात जाऊन बसायचो. शिफ्ट सुटायच्या टायमाला परत.”

म्हणजे मी परत तेच केलं होतं. गेज हातभर अंतरावर होता, आणि मी आकडा मनाने भरला.

फरक एवढाच की या वेळी पार्ट अजून पुढे गेलेला नाही. वही माझ्याजवळ आहे. सातवं आणि आठवं पान मी रेघ मारून काढलं. आठवडाभर त्याच जागी अडकलोय, रोज चहानंतर तेच पान. तपोवनात तो नेमका कुठे बसायचा, संगमाच्या कडेला की झाडांखाली, पाऊस होता का तेव्हा, डबा तो तिथे खायचा की तसाच परत आणायचा आणि परत आणला तर बहिणीला काय सांगायचा, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्या दिवशी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

या आठवड्यात आमची दोघांची फर्स्ट शिफ्ट आहे. उद्या साडेनऊच्या चहाला विचारतो.

त्या मुलीला मी व्हॉइस मेसेज पाठवला होता, हे सगळं नाही, फक्त वहीचं आणि फ्रिजचं. तिचं उत्तर आलं, “दादा, फ्रिजवर फोन ठेवला तर आई गेम खेळते.” बघा बाबा तुमचं तुम्ही. पुढच्या भागात भेटू.